पेटी सतरा

ओल्डहॅमच्या दफ्तरखान्यात
तीन महिन्यांच्या कंत्राटावर मी पेट्या उघडते.
पेन्सिल चालते, पेन नाही.
सतरा नंबरात एक वही, पाठ उसवलेली,
वर नाव : टॅबिथा ऑग्डन.
गिरणीत, कार्डिंग खात्यात, वयाच्या दहाव्या वर्षापासून.

फोटो नाही.
उंची कळली ती पोलिसांच्या कागदावरून : चार फूट दहा.
डाव्या करंगळीचं अर्धंच पेर,
तेही यंत्रानं ठेवलं म्हणून.

पंचविशीत कान गेले.
पण त्या खडखडाटात कानांवर कोण विसंबून होतं?
बायका ओठ वाचायच्या.
उडत्या पिंजणापलीकडून विचारायच्या, पोर झोपलं का रात्री?
आणि आमच्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला शिव्या घालायच्या,
त्याही ओठांनीच.
(ती पानं मी जरा भराभर उलटली.)

मागणी एवढीच :
टॉमीफील्डच्या बाजारात बायकांसाठी एक संडास.
पुरुषांना चार होते. लोखंडी, नक्षीदार,
वर नगरपालिकेचं घुबड.

टॅबिथानं यादी केली आहे.
नाव, वय, काय विकते,
आणि शेवटचा रकाना : किती तास धरून.
मार्था शोफील्ड, एकसष्ट, वजडी, अकरा तास.
हॅना ग्रीव्ह, सातवा महिना, अंडी, नऊ.

माझी आई एसटीनं नगरला निघायची
तेव्हा आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची.
मला वाटायचं, उपास असेल.

सात वर्षं, सात अर्ज.
सात वेळा एकच उत्तर :
या विषयाची सभागृहात चर्चा सभ्यपणाला धरून नाही.
बायकांना तिथे बोलायची मनाई होती,
गॅलरीत बसायची नव्हती.

तर ती बसली. टोपी नीट, वही मांडीवर.
खाली सभासद एकमेकांच्या कानाला लागले
आणि वरून ती टिपत गेली.
ऑल्डरमन ब्रायर्ली : बांधून दिलं तर उद्या तिथेच बिऱ्हाड करतील.
मिस्टर लीस : माझी बायको तर कधी जातच नाही.
पाद्रीबुवा : नुसते हसले. दोनदा.

शनिवारी ते छापून बाजारात आलं.
मार्थानं वजडीचे पुडे त्याच कागदात बांधले.
ब्रायर्लींच्या स्वयंपाकघरात तो पोचला, तो असा.
पुढे त्या घरात काय झालं ते वहीत नाही.
तिथे कुणी ओठ वाचायला नव्हतं.

खटला झाला, अब्रूनुकसानीचा.
मॅजिस्ट्रेटनं पाटीवर लिहून विचारलं,
हे तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंत?
ती म्हणाली, मी बहिरी आहे, साहेब.
मी काहीच ऐकलं नाही.

दहा शिलिंग दंड.
बाजारानं तो सुट्ट्या चिल्लरीत भरला,
कारकून मोजत बसला जेवणाची सुट्टी होईस्तोवर.

नवव्या वर्षी इमारत उभी राहिली.
तीन दारं, हिरव्या फरशा, वर तेच घुबड.
कोनशिलेवर नाव ब्रायर्लीचं.
पुरुषांना फुकट होतं ते फुकटच राहिलं,
इथे दाराला पेनी.

शेवटच्या पानावर अक्षर घसरलेलं आहे.
बुधवार. पेनीबद्दल अर्ज. पहिला.
पुढे कोरं.

माझ्या नमुन्यात ‘विषय’ म्हणून
एका शब्दापुरतीच जागा.
‘आरोग्य’ लिहिलं, खोडलं.
‘महिला’ लिहिलं. तेही खोडलं.
कागद पातळ झाला तिथे.

पाच वाजले.
काचेपलीकडून आमच्या मुख्य बाई
ओठ हलवून मला काहीतरी म्हणाल्या.
मी मान डोलावली.
वाचता आलं नाही.